उपग्रहाच्या हाकेचे पडसाद

गच्चीवर एक जण अँटेनाचा दांडा फिरवतोय, जिन्यात उभा असलेला दुसरा विचारतोय, "आलं का?" आणि आत टीव्हीसमोर बसलेला तिसरा ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि केबल येईपर्यंत हा संवाद महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत झडत राहिला. त्यात एक तक्रार जरा वेगळी असे. चित्र स्वच्छ आलेलं असायचं, आवाजही ठीक असायचा, पण बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या उजव्या खांद्यालगत तिचीच एक फिकट आकृती उभी दिसायची. टीव्ही दुरुस्त करणारे तिला 'घोस्ट' म्हणत.

भुताचा उगम साधा होता. मनोऱ्यावरून निघालेली लहर एकदा थेट अँटेनापर्यंत यायची आणि तीच लहर समोरच्या इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून, लांबच्या वाटेने, थोड्या उशिरा पुन्हा यायची. उशीर एका मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा असला तरी दुसरी प्रतिमा पडद्याच्या रुंदीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी उजवीकडे सरकलेली दिसायची. पाहणाऱ्याचं मात्र काही बिघडत नसे. खरी निवेदिका कोणती आणि तिची सावली कोणती, हे डोळ्यांना लगेच कळायचं.

उपग्रहाकडून आपली जागा विचारणाऱ्या रिसीव्हरला असे डोळे नाहीत. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. डोक्यावरच्या उपग्रहाची हाक खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो, आणि हा वेळ मोजूनच रिसीव्हर अंतर काढतो. वेळेत सेकंदाच्या एका कोटीव्या भागाची गफलत झाली, तर अंतर ३० मीटरने चुकतं. हाक थेट आली आणि तिच्याबरोबर समोरच्या भिंतीवरून परतलेला पडसादही आला, तर रिसीव्हरच्या दृष्टीने दोन्ही एकाच उपग्रहाचे, एकाच कोडमधले आणि तितकेच विश्वासार्ह असतात. या दुहेरी-तिहेरी वाटांनी येणाऱ्या सिग्नलला अभियंते 'मल्टिपाथ' म्हणतात. त्याने निर्माण होणारी चूक कमी करण्याचा इतिहास पाच दशकांचा आहे, आणि तो उपग्रहांच्या नव्हे, तर जमिनीवरच्या शेवटच्या काही मीटरांच्या अभ्यासाचा इतिहास आहे.

या इतिहासाचं मूळ जीपीएसच्या उपग्रहांच्याही आधीचं आहे. १९६१ साली लॉकहीड कंपनीतल्या जेम्स स्पिल्कर आणि मॅगिल या दोघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोंगाटात बुडालेल्या सिग्नलची वेळ अचूक कशी धरून ठेवायची, हा त्याचा विषय होता. रिसीव्हर स्वतःकडे सिग्नलमधल्या कोडची नक्कल तयार करतो आणि ती मागेपुढे सरकवत आलेल्या सिग्नलशी जुळवून पाहतो. जुळणी जसजशी बरोबर होत जाते तसतसा प्रतिसाद चढत जातो, अचूक जुळलं की शिखर गाठतो, आणि पुढे सरकवलं की उतरतो. आलेख काढला तर दोन्हीकडे सारखा उतार असलेला डोंगर दिसतो. अडचण अशी की गोंगाटात नेमकं शिखर दिसत नाही. म्हणून स्पिल्कर यांनी शिखर शोधायचंच नाही असं ठरवलं. एक पाय अलीकडच्या उतारावर, दुसरा पलीकडच्या उतारावर ठेवायचा, दोन्ही पाय एकाच उंचीवर येतील असं उभं राहायचं. शिखर बरोबर मधोमध असणार. जगातल्या जवळपास प्रत्येक जीपीएस रिसीव्हरच्या पोटात आजही याच युक्तीचं कोणतं ना कोणतं रूप काम करतं. स्पिल्कर पुढे जीपीएसच्या सिग्नलच्या शिल्पकारांपैकी एक झाले.

युक्ती सुंदर आहे, पण तिला डोंगराचे दोन्ही उतार सारखे लागतात. पडसाद नेहमी उशिरा येतो. त्यामुळे मूळ डोंगराच्या एकाच अंगाला एक लहान टेकडी चिकटते, किंवा लहरी उलट्या जुळल्या तर तिथे खड्डा पडतो. मग दोन्ही पाय एका उंचीवर आणले तरी मधला बिंदू शिखराखाली येत नाही. यंत्राला वाटतं तोल साधलेला आहे. प्रत्यक्षात ते सरकलेलं असतं.

हे धोके कोणाला माहीत नव्हते असं मात्र नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने जीपीएसला हिरवा कंदील दाखवला तो डिसेंबर १९७३मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एरोस्पेस कॉर्पोरेशनच्या हॅगरमन यांनी मल्टिपाथमुळे अशा रिसीव्हरमध्ये किती चूक होईल, याचं गणित मांडणारा अहवाल लिहून ठेवला होता. प्रकल्प जन्माला येण्याआधीच त्याच्या या दुखण्याचं निदान कागदावर होतं. तरीही पुढची काही वर्षं ते मागे पडलं, आणि त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत.

पहिलं कारण कोडचं. जीपीएसमध्ये दोन कोड होते. लष्करासाठी 'पी' कोड, आणि आधी सिग्नल पकडायला व नंतर नागरी वापरासाठी 'सी/ए' कोड. कोडमधल्या सगळ्यात लहान तुकड्याला चिप म्हणतात. सी/ए कोडची एक चिप अवकाशात सुमारे २९३ मीटर लांब पसरते, तर पी कोडची त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. चिप जितकी आखूड, तितका डोंगर अरुंद आणि पडसादाला बिलगायला जागा कमी. लष्कराच्या हाती अरुंद डोंगर होता. रुंद डोंगर ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्याकडून अचूकतेची अपेक्षाच नव्हती. 'सी/ए' या नावातला 'सी' मुळी 'ढोबळ' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा आहे. दुसरं कारण जागेचं. सुरुवातीच्या चाचण्या ॲरिझोनातल्या यूमाच्या वाळवंटात झाल्या. पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ला वर गेला. त्याच्या आधी यूमात जमिनीवरच सिग्नल पाठवणारे संच मांडून उपग्रहांची रंगीत तालीम केली गेली. वाळवंटात पडसाद द्यायला इमारती नव्हत्या. आणि तिसरं कारण असं की उपग्रहांची घड्याळं, कक्षांचे अंदाज, वातावरणाच्या वरच्या थरात होणारा उशीर, यांच्या चुका इतक्या मोठ्या होत्या की पडसादाची चूक त्यांच्या आड लपून जात होती.

ती आडोशातून बाहेर आली दोन रिसीव्हर वापरण्याच्या कल्पनेमुळे. एक रिसीव्हर अचूक माहीत असलेल्या जागी ठेवायचा, दुसरा फिरता. पक्क्या जागेवरच्या रिसीव्हरला आपली चूक किती हे कळतं, ते तो दुसऱ्याला कळवतो. घड्याळाची, कक्षेची, वातावरणाची चूक दोघांना जवळपास सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते. अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूकही अशीच वजा करता येऊ लागली. वजा न होणारी एकच मोठी गोष्ट उरली. एका रिसीव्हरसमोरची भिंत दुसऱ्यासमोर नसते. उलट पक्क्या जागेवरच्या रिसीव्हरने पडसाद ऐकला, तर त्याची चूक 'दुरुस्ती' म्हणून त्याच्यावर विसंबलेल्या सगळ्यांच्या गळ्यात पडायची. बाकीच्या चुका जसजशा हटत गेल्या, तसतशी ही एक मोठी दिसू लागली.

जमीन मोजणाऱ्यांना हे सगळ्यात आधी जाणवलं. एमआयटीतल्या चार्ल्स काउन्सेलमन आणि सर्गेई गुरेविच यांनी १९८१ साली कोडकडे पाठ फिरवून थेट तो कोड वाहून आणणारी लहर मोजण्याची पद्धत मांडली. जीपीएसच्या मुख्य लहरीची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तिच्या चढउतारांवरून मोजमाप केलं तर हिशेब मिलिमीटरांपर्यंत जातो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मल्टिपाथचा उल्लेख होता, कारण पडसाद इथेही पाठ सोडत नव्हता. दिलासा एवढाच की पडसाद थेट लहरीपेक्षा दुबळा असेल, तर लहरीच्या मोजमापात तो पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे पाचेक सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक करू शकत नाही. कोडमध्ये तो काही दशक मीटरांपर्यंत जाऊ शकतो. हा फरक रॉन हॅच यांनी १९८२ साली कामी लावला. कोडचं मोजमाप खरं पण थरथरणारं, लहरीचं मोजमाप स्थिर पण सुरुवात कुठून हे न सांगणारं. दोन्हींची सांगड घालून पहिल्याची थरथर दुसऱ्याने निववायची. ही गाळणी आज हॅच यांच्या नावाने ओळखली जाते. फिरत्या वाहनात ती छान चालते, कारण वाहन हललं की पडसादही झपाट्याने बदलतात आणि सरासरीत विरतात. एका जागी उभ्या रिसीव्हरमध्ये पडसाद मिनिटामिनिटांच्या संथ लयीत हेलकावतो. तिथे गाळणी अपुरी पडते.

मग पडसाद आत येऊच द्यायचा नाही, असा प्रयत्न सुरू झाला. उपग्रहाची लहर उजव्या हाताच्या स्क्रूसारखी पिळत येते. जमिनीवर किंवा भिंतीवर आपटली की बहुतेक वेळा तिचा पीळ उलटतो. डाव्या पिळाच्या लहरींना बहिरा असलेला अँटेना केला की निम्मी लढाई तिथेच होते. उरलेली निम्मी जमिनीलगत. अँटेनाखाली धातूची सपाट चकती ठेवली तर खालून येणाऱ्या लहरी अडतात खऱ्या, पण चकतीच्या कडेला वळसा घालून काही लहरी पृष्ठभागावरून सरपटत वर येतात. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत १९८०च्या दशकात यावर तोडगा निघाला. चकतीऐवजी एकात एक बसलेली धातूची कडी, त्यांच्यामध्ये खोल खाचा, आणि खाचांची खोली पाव तरंगलांबीपेक्षा किंचित जास्त. या खोलीमुळे सरपटणाऱ्या लहरीला पृष्ठभागावर टिकता येत नाही. मधोमध बसवलेला ग्रहणघटक मूळचा विमानांसाठी बनलेला. या 'चोक रिंग' अँटेनाचा व्यास सुमारे ३८ सेंटिमीटर, आणि तो चांगलाच जड. खिशात घालून फिरण्याची ही वस्तू नव्हे, पण भूखंडांच्या वर्षाकाठी काही सेंटिमीटर होणाऱ्या सरकण्याची नोंद ठेवणाऱ्या जगभरच्या केंद्रांवर तो प्रमाण अँटेना ठरला.

अँटेनाची हद्द संपते तिथे रिसीव्हरची सुरू होते. तिथली खरी उलथापालथ झाली कॅनडातल्या कॅलगरी शहरात.

नोव्हाटेल ही तिथली कंपनी मुळात मोबाइल फोन बनवण्याच्या धंद्यातून आलेली. तिच्या जीपीएस विभागातले पॅट फेंटन आणि टॉम फोर्ड यांच्या जोडीला सल्लागार म्हणून ए. जे. व्हॅन डिअरेनडॉन्क होते. उपग्रहांकडून खाली येणाऱ्या माहितीची रचना कशी असावी, यावर १९७८ साली ज्यांनी लिहिलं त्यांच्यापैकी ते एक. म्हणजे जीपीएसच्या आतल्या गोटातला माणूस. १९९०च्या सुमारास साऱ्या नागरी रिसीव्हरमधले ते 'दोन पाय' एकमेकांपासून एका चिपच्या अंतरावर, म्हणजे सुमारे २९३ मीटरांवर रोवलेले असायचे. पाय निम्म्या उतारावर, शिखर उंच वर. असं का, तर तोपर्यंत तसंच करत आले होते म्हणून, आणि सी/ए कोड ढोबळच असतो ही समजूत पक्की होती म्हणून. या तिघांनी पाय जवळ आणले. चिपच्या दहाव्या हिश्शावर.

परिणाम समजायला पुन्हा डोंगराकडे पाहावं लागेल. बाजूला चिकटलेली टेकडी डोंगराच्या मधल्या आणि खालच्या उताराचा आकार बिघडवते. शिखराच्या अगदी जवळ, जिथे मूळ उतार बदलतो त्या टोकाशी, तिचा उपद्रव सगळ्यात कमी. निम्म्या उतारावर उभा असलेला माणूस टेकडीमुळे फसतो, माथ्यालगतचा फारसा नाही. आकड्यांत सांगायचं तर थेट सिग्नलच्या निम्म्या उंचीचा पडसाद आला, तर जुन्या पद्धतीत कागदावरची कमाल चूक ७३ मीटरच्या आसपास निघते. पाय चिपच्या दहाव्या हिश्शावर आणले की तीच ७ मीटरवर येते. उपग्रहात काहीही न बदलता, नवा सिग्नल न मागता, फक्त ऐकण्याची जागा बदलून झालेली ही दसपट सुधारणा आहे. आणखी एक लाभ झाला. दोन पाय जवळ आले की दोघांना ऐकू येणारा गोंगाट जवळपास एकच होतो आणि वजाबाकीत बराचसा जातो. 'ढोबळ' म्हणून हिणवलेल्या कोडचं मोजमाप दहा सेंटिमीटरच्या घरात थरथरू लागलं.

इतकं सोपं होतं तर आधी कोणी का केलं नाही? उत्तर इलेक्ट्रॉनिक्सच्या किमतीत आहे. शिखर टोकदार दिसायला सिग्नलचा जास्त पट्टा आत घ्यावा लागतो. स्वस्त रिसीव्हर २ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यायचे, त्यात डोंगराचा माथा झिजून गोल व्हायचा. गोल माथ्यावर पाय जवळ ठेवून उपयोग नाही. नोव्हाटेलने ८ मेगाहर्ट्झ घेतले. पट्टा रुंदावला की नमुने भराभर घ्यावे लागतात आणि गणित वेगाने करावं लागतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप परवडू लागल्या. जवळ उभ्या पायांचा तोल पटकन जातो, म्हणून सुरुवातीला पाय लांब ठेवून सिग्नल पकडायचा आणि पकड बसली की ते जवळ घ्यायचे, हेही त्यांनी केलं. १९९२ साली तिघांचा निबंध अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅव्हिगेशनच्या नियतकालिकात आला. मल्टिपाथविषयीच्या त्यानंतरच्या लिखाणात या निबंधाचा उल्लेख टाळणं जवळपास अशक्य आहे, आणि तो मान रास्त आहे.

त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात रिचर्ड व्हॅन नी नावाचा तरुण संशोधक वेगळ्या अंगाने विचार करत होता. कॅलगरीकरांनी पडसादाला बगल दिली होती. व्हॅन नी यांनी त्याची मोजदाद करायचं ठरवलं. दोनच पाय कशाला? डोंगरभर अनेक माणसं उभी करायची, प्रत्येकाने आपल्या जागेची उंची सांगायची, आणि मग गणिताने शोधायचं की हा बिघडलेला आकार नेमक्या किती सुबक डोंगरांच्या बेरजेने तयार होईल, प्रत्येकाची उंची किती, उशीर किती. सगळ्यात आधी आलेला डोंगर तो खरा, बाकीचे पडसाद. १९९२ साली मांडलेली ही कल्पना व्हॅन नी आणि नोव्हाटेलने मिळून यंत्रात उतरवली, आणि अमेरिकेत विमानांना जीपीएसच्या दुरुस्त्या पुरवणाऱ्या 'वास' यंत्रणेच्या जमिनीवरील केंद्रांत ती जाऊन बसली. २००३ साली ती यंत्रणा विमानांसाठी खुली झाली. हजारो विमानं ज्या केंद्रांच्या कानांवर विसंबणार, ते कान असे पारखूनच बसवावे लागतात.

व्हॅन नी पुढे वाय-फायकडे वळले. घरातल्या भिंती-कपाटांच्या पडसादांतून वाट काढणारी, आज प्रत्येक राउटरमध्ये असलेली ओएफडीएम पद्धत वाय-फायच्या मानकात आणणाऱ्यांत ते होते. एकाच माणसाची पडसादाशी दोनदा गाठ पडली.

कॅलिफोर्नियातल्या ॲशटेक कंपनीने १९९६ साली 'स्ट्रोब' नावाची आपली पद्धत मांडली. दोन जोड्या पाय वापरून एकीच्या निकालातून दुसरीचा निकाल वजा करायचा, म्हणजे लांबून येणारे पडसाद जवळपास पुसले जातात. मांडणाऱ्या तिघांत फ्रँक व्हॅन डिगेलेन हे नाव होतं. ते लक्षात ठेवायला हवं. पुढच्या दशकभरात अशा पद्धतींची रीघ लागली, नावं बदलली, आकडे सुधारले. एक मर्यादा मात्र सगळ्यांना लागू राहिली. पडसादाची वाट थेट वाटेपेक्षा फक्त काही मीटर जास्त असेल, म्हणजे तो अँटेनाखालच्या जमिनीवरून किंवा गाडीच्या टपावरून येत असेल, तर त्याचा डोंगर मूळ डोंगरावर जवळजवळ तंतोतंत बसतो. ते दोन वेगळे करणं कोणत्याही पावलांच्या मांडणीला जमलेलं नाही.

१ मे २००० रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळली जाणारी चूक थांबवण्याची घोषणा केली आणि त्या रात्रीपासून ती थांबली. शंभरेक मीटरांची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली. गाड्यांमध्ये नकाशे आले, मग फोनमध्ये. आणि पडसादाची लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, कारण फोनमध्ये चोक रिंग बसत नाही. फोनचा अँटेना काडीएवढा, डाव्या आणि उजव्या पिळात भेद न करणारा, आणि माणूस उभा असतो तो नेमका उंच इमारतींच्या घळीत. तिथे आणखी एक फसवणूक आहे. कित्येकदा उपग्रह इमारतीआड असतो आणि थेट हाक येतच नाही. येतो तो फक्त समोरच्या काचेवरचा पडसाद. डोंगराला टेकडी चिकटत नाही, सबंध डोंगरच दुसरीकडे सरकतो. स्पिल्कर यांचे दोन पाय आणि व्हॅन नी यांची माणसं इथे दोन्ही हतबल होतात. नकाशावरचा निळा ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा असतो आणि टॅक्सीवाला तिकडे वाट पाहत राहतो, त्यामागे हेच कारण असतं.

उपाय दोन बाजूंनी आले. एक आकाशातून. २०१०पासून वर गेलेल्या जीपीएस उपग्रहांनी एल-५ नावाचा नवा सिग्नल आणला, त्याची चिप जुन्या लष्करी कोडसारखी आखूड, २९ मीटरची. युरोपच्या गॅलिलिओने आणखी रुंद पट्ट्याचे सिग्नल दिले. २०१८ साली शाओमीचा मी ८ हा दोन वारंवारता ऐकणारा पहिला फोन बाजारात आला, आणि लष्करासाठी पंचेचाळीस वर्षांपूर्वी योजलेला अरुंद डोंगर सर्वसामान्यांच्या खिशात आला.

दुसरा उपाय नकाशातून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले पॉल ग्रोव्ह्ज यांनी २०११ साली विचारलं, की कोणता उपग्रह ऐकू येत नाही यावरूनही माणूस कुठे आहे हे कळणार नाही का? इमारतींची उंची आणि आकार माहीत असेल, तर रस्त्याच्या या बाजूवरून कोणते उपग्रह झाकले जातील आणि त्या बाजूवरून कोणते, हे आधीच काढता येतं. सावल्या जुळवायच्या. हा विचार प्रत्यक्ष फोनमध्ये मोठ्या प्रमाणावर आणला गूगलने, डिसेंबर २०२०मध्ये, आणि त्या कामाच्या अग्रभागी होते फ्रँक व्हॅन डिगेलेन. चोवीस वर्षांपूर्वी ॲशटेकमध्ये पडसाद पुसणारे तेच. हजारो शहरांतल्या इमारतींच्या त्रिमितीय नमुन्यांवरून फोन आता प्रत्येक पडसादाचा जास्तीचा रस्ता अंदाजतो. चालणाऱ्या माणसाला रस्त्याच्या चुकीच्या बाजूला दाखवण्याचे प्रसंग यामुळे सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचं त्या चमूने सांगितलं. आयुष्याची पहिली काही दशकं भिंतीला शत्रू मानणाऱ्या शास्त्राने इथे भिंतीचीच साक्ष काढली.

पण साक्षीदार म्हणून पडसादाला याआधीच बोलावलं होतं ते भूशास्त्रज्ञांनी, आणि तेही नाइलाजाने.

जीपीएस उपग्रह एका नाक्षत्र दिवसात, म्हणजे आपल्या दिवसापेक्षा जरा आखूड काळात, दोन फेऱ्या करतो. त्यामुळे तो रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटं आधी आकाशात त्याच जागी येतो. अँटेना हलत नाही, समोरची भिंत हलत नाही, म्हणून काल जो पडसाद जसा आला तसाच तो आज चार मिनिटं आधी येणार. कालची चूक आजच्यातून वजा करा, की झालं. जेनरिक आणि बॉक या संशोधकांनी १९९२ साली ही युक्ती वापरली. कोलोरॅडो विद्यापीठातल्या क्रिस्टीन लार्सन हीच युक्ती घेऊन कामाला लागल्या. ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कात डेनाली इथे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जमिनीचे हेलकावे सेकंदासेकंदाला जीपीएसने टिपता येतात हे लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. इतक्या बारीक नोंदीत पडसादाची भेसळ खपणारी नव्हती. २००४ साली त्यांच्या चमूने दाखवलं की उपग्रहांची पुनरावृत्ती नाक्षत्र दिवसाच्या २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांनी नव्हे, तर साधारण नऊ सेकंद आधीच होते. नऊ सेकंदांचा हा फरक मानला की पडसाद अधिक नेटका वजा होतो.

रोज तंतोतंत परतणाऱ्या पडसादात एक गोष्ट मात्र तंतोतंत नव्हती. पाऊस पडून गेला की त्याचा जोर बदलायचा. ओली माती आणि कोरडी माती लहरीला सारख्या प्रकारे परतवत नाहीत. जो बदल त्रुटी म्हणून काढून टाकायचा, तो जमिनीतल्या ओलाव्याची नोंद निघाला. २००८ साली लार्सन आणि सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या नोंदी जमिनीच्या वरच्या पाच सेंटिमीटरांतल्या ओलाव्याशी पडताळून प्रसिद्ध केल्या. पुढच्या वर्षी बर्फाची पाळी आली. उपग्रह वर चढत असताना थेट लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून सिग्नलचा जोर लयीत कमीजास्त होतो. त्या लयीवरून अँटेना पृष्ठभागापासून किती उंच आहे हे निघतं. बर्फ साचला की पृष्ठभाग वर येतो, उंची घटते, लय संथ होते. पश्चिम अमेरिकेत भूपट्ट्यांच्या हालचालीसाठी रोवलेली सुमारे अकराशे केंद्रं होती. त्यांतली कित्येक, एक पैशाचंही नवं यंत्र न बसवता, ओलावा आणि हिम मोजणारी केंद्रं होऊ शकत होती.

२०१३ साली लार्सन यांच्या चमूने अलास्काच्या कॅचमॅक उपसागराच्या काठावरचं एक केंद्र घेतलं. जमिनीच्या हालचालीसाठी उभारलेलं हे केंद्र भरतीओहोटी मोजायला कोणी बसवलं नव्हतं. तिथे भरती-ओहोटीतला फरक सात मीटरांहून अधिक असतो. सिग्नलच्या जोराची लय पाण्याबरोबर चढत-उतरत होती. वर्षभराच्या नोंदींतून काढलेली समुद्राची रोजची सरासरी पातळी जवळच्या पारंपरिक भरतीमापकाशी २.३ सेंटिमीटरांपर्यंत जुळली.

समुद्रावरच्या पडसादांचा विचार युरोपीय अवकाश संस्थेतल्या मान्युएल मार्टिन-नेइरा यांनी १९९३ सालीच मांडला होता. शांत समुद्र आरशासारखा परतावा देतो, खवळलेला समुद्र लहर विखुरतो. म्हणजे परतावा पाहून वाऱ्याचा जोर सांगता येईल. १५ डिसेंबर २०१६ रोजी नासाने 'सिग्नस' मोहिमेचे आठ लहान उपग्रह सोडले. त्यांच्यावर स्वतःचं रडार नाही. ते फक्त समुद्रावरून परतणारे जीपीएसचे पडसाद ऐकतात. या वारंवारतेची लहर मुसळधार पावसातूनही आरपार जाते, त्यामुळे चक्रीवादळाच्या गाभ्याजवळचा वारा, जो इतर उपकरणांना पावसाआड दिसत नाही, त्यांना दिसतो. त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ३५ अंशांनी कललेल्या आहेत. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही त्यांच्या पट्ट्यात येतात.

भारताने आपली उपग्रह यंत्रणा उभारली तेव्हा पडसादाने एक निराळं रूप दाखवलं. १ जुलै २०१३ रोजी नाविक मालिकेतला पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६मध्ये सातवा. यांतल्या काहींची जागा आकाशात जवळपास स्थिर आहे. विमानांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या गगन यंत्रणेचे उपग्रहही भूस्थिर. चालत्या उपग्रहाचा पडसाद निदान हेलकावतो, सरासरीत थोडा तरी विरतो. न हलणाऱ्या उपग्रहाचा पडसाद तासन् तास एकाच ठिकाणी अडून बसतो आणि रोजच्या फरकाची वजाबाकीही तिथे लागू पडत नाही. अशा स्थिर उपग्रहांसाठी अँटेनाची जागा निवडणं हेच पहिलं काम राहतं, आणि ते केंद्र उभारणाऱ्या अभियंत्यांनी जागोजागी आधी आकाश आणि परिसर पाहूनच करायचं असतं.

महाराष्ट्रात शेतजमिनीची सरकारी मोजणी साखळी, प्लेन टेबल आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्रांवरून आता रोव्हर या फिरत्या रिसीव्हरवर आली आहे. राज्यात बसवलेली कायमची केंद्रं दुरुस्त्या पाठवतात आणि भूकरमापकाच्या हातातल्या दांड्यावरचा रिसीव्हर काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने बांधाचा कोपरा सांगतो. त्या रिसीव्हरच्या आत स्पिल्कर आहेत, हॅच आहेत, कॅलगरीचे तिघे आहेत. तरी कोपरा आंब्याच्या दाट झाडाखाली किंवा पत्र्याच्या गोठ्यालगत आला, की पडद्यावरचे आकडे हलू लागतात. भावकीतली दोन्ही घरं बांधावर उभी राहून पाहत असतात. तेव्हा भूकरमापक तो बिंदू तिथे घेत नाही. तो दांडा उचलून मोकळ्या आभाळाखाली नेतो, तिथे दोन पक्के बिंदू घेतो, आणि झाडाखालचा कोपरा तिथून ईटीएसने मोजतो.